बायबलच्या हस्तलिखितांवर आणि भाषांतरांवर वाद कसा घालावा

कुणी म्हणतं, "बायबल कितीदा तरी बदललंय." समोरचा म्हणतो, "काना-मात्रेचाही फरक नाही." नाशिकच्या कॉलेज रोडवरची चहाची टपरी असो, शरणपूरच्या चर्चचं आवार असो की पंचवटी एक्स्प्रेसचा डबा, वाद या दोन वाक्यांपासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच घुटमळतो. दोन्ही वाक्यं चूक आहेत, आणि ती का चूक आहेत हे पानं समोर ठेवून दाखवता येतं. त्याला ग्रीक-हिब्रूचं पांडित्य लागत नाही. चार-पाच पुस्तकं, काही छायाचित्रं, दोन-तीन संध्याकाळची तयारी आणि एका वचनाला चिकटून बसण्याची सवय एवढं पुरतं.

ही मांडणी श्रद्धाळू आणि आक्षेप घेणारा, दोघांसाठी आहे. चर्चचं युवक मंडळ, वाचनालयाची अभ्यासिका किंवा घरची ओसरी, कुठेही दहा-पंधरा जण बसणार असतील तर ती वापरता येईल.

आधी प्रश्न सुटे करा

एका दमात तीन वेगळे प्रश्न विचारले जातात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. लेखकाने मुळात जे लिहिलं ते आज आपल्या हातात आहे का, हा पहिला. त्याचं मराठी नीट झालंय का, हा दुसरा. आणि जे लिहिलंय ते खरं आहे का, हा तिसरा. हस्तलिखितं पहिल्याचं उत्तर देतात, व्याकरण आणि कोश दुसऱ्याचं. तिसऱ्याचं उत्तर हस्तलिखितांच्या ढिगातून निघत नाही, कितीही हजार प्रती सापडल्या तरी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ घालवून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. त्यातून कोणता श्लोक जुना आणि कोणता मागाहून घुसला याचा निवाडा मिळतो. कुरुक्षेत्रावर युद्ध झालं की नाही, याचा मिळत नाही. बायबलबाबतही हेच. "इतक्या प्रती आहेत म्हणजे येशू उठलाच" हे जितकं चूक, तितकंच "पाठभेद (प्रतीप्रतींतल्या मजकुराचे फरक) आहेत म्हणजे सगळं खोटं" हेही चूक.

म्हणून प्रत्येक आक्षेप एका ओळीत कागदावर लिहून घ्या आणि त्यापुढे पुस्तक, अध्याय, वचन लिहा. "चर्चने सोयीचं तेवढं ठेवलं" असा आक्षेप आला तर शांतपणे विचारा: कोणतं वचन? वचन सांगता येत नसेल तर तो मुद्दा त्या दिवशी घेऊ नका. ही अट बचाव करणाऱ्यालाही लागू आहे. "सगळं जसंच्या तसं आहे" म्हणणाऱ्यानेही वचन निवडावं.

आपल्याकडे न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वी वेगळे केले: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडतोड करणारी वितंडा. बैठकीच्या सुरुवातीला हे मोठ्याने सांगा. मग पूर्वपक्षाची जुनी रीत पाळा: आक्षेपकाचं म्हणणं त्याच्या समोर, त्याला पटेल अशा शब्दांत मांडा. "होय, मला हेच म्हणायचंय" असं तो म्हणेपर्यंत उत्तर देऊ नका. या रीतीला आपल्या प्रदेशात परंपरा आहे. सप्तशृंगीच्या डोंगरात तप केलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली गिरगावच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, ऐकायला गर्दी जमत होती, आणि दोन्ही बाजूंनी प्रश्नोत्तरं होत होती.

टेबलावर काय हवं

मराठी भाषांतरं किमान तीन ठेवा. बायबल सोसायटीचं नेहमीचं 'पवित्र शास्त्र', त्यांचीच सोप्या मराठीतली आवृत्ती आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं त्यावर काम करत होत्या. १९२२ साली त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. नव्यांपैकी समकालीन आवृत्ती मोबाइलवर मिळते. तीन भाषांतरं शेजारी-शेजारी उघडली की निम्मे आक्षेप कुठे जन्मतात ते दिसतं.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग, मुळात ग्रीकमध्ये आहे आणि त्याआधीचा जुना करार मुख्यतः हिब्रूत. ग्रीकसाठी दोन मान्य आवृत्त्या आहेत: नेस्ले-आलांडची २८वी (२०१२) आणि युनायटेड बायबल सोसायटीजची ५वी (२०१४). मजकूर दोन्हींत एकच आहे, तळटीपा वेगळ्या. नवख्या मंडळींनी दुसरी घ्यावी, कारण तिच्यात प्रत्येक महत्त्वाच्या पाठभेदापुढे ए, बी, सी, डी अशी श्रेणी दिलेली असते. ए म्हणजे निवडलेला पाठ निश्चित, डी म्हणजे ठरवणं फार अवघड गेलं. हिब्रूसाठी श्टुटगार्टची आवृत्ती चालते. ती १००८ सालच्या लेनिनग्राड पोथीवर बेतलेली आहे.

छायाचित्रं घरबसल्या मिळतात. ग्रीक बायबलची चौथ्या शतकातली सिनाय पोथी २००९ पासून पानागणिक इंटरनेटवर आहे. मृत समुद्राजवळ सापडलेली यशयाच्या पुस्तकाची गुंडाळी जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने खुली केली आहे. ग्रीक हस्तलिखितांची अधिकृत यादी जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संस्थेकडे असते आणि तीही ऑनलाइन बघता येते. ज्या वचनावर बसणार आहात ते पान ए-३ कागदावर छापून आणा. मोबाइलच्या पडद्यावर पंधरा माणसांना एक अक्षर दाखवता येत नाही, आणि इथे सगळा खेळ अक्षरांचा आहे.

ग्रीक वाचणारं कुणी बोलवा. सेमिनरीत शिकलेले पाळक किंवा फादर शहरात भेटतात. कुणी मिळालं नाही तर बैठकीच्या आरंभीच सांगा की आज आपण कोश आणि तळटीपांवर अवलंबून आहोत. हे न सांगता "ग्रीकमध्ये मुळात असं आहे" म्हणणं ही सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत लवकर उघडी पडणारी चूक आहे.

आकडे कसे वापरावेत

नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांचा नोंदणी-आकडा ५,८०० च्या आसपास आहे. हा आकडा सांगताना तीन गोष्टी जोडा, नाहीतर समोरचा जोडेल. नोंदीतली काही हस्तलिखितं हरवली किंवा नष्ट झाली, काही एकाच पोथीचे दोन क्रमांक निघाले, म्हणजे हातात आहेत ती याहून कमी. त्यांतली बहुसंख्य नवव्या शतकानंतरची. आणि बहुतेकांत संपूर्ण नवा करार नाही, कुठे येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं, कुठे पौलाची पत्रं, कुठे एखादं पान.

दुसऱ्या बाजूचा आकडा पाठभेदांचा. जॉन मिल या इंग्लिश अभ्यासकाने १७०७ साली सुमारे शंभर हस्तलिखितं ताडून ३०,००० पाठभेद छापले, तेव्हाही खळबळ उडाली होती. आज अंदाज पाच लाखांच्या घरात जातो. ऐकून धक्का बसतो, पण आकडा वाढतो तो प्रती वाढल्यामुळे. गावात दासबोधाची एकच हाती प्रत असेल तर पाठभेद शून्य. शंभर असतील तर हजारो. एकच प्रत असली की चूक पकडायला दुसरं काहीच नसतं. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. वही जीर्ण झाली की ती नव्या वहीत उतरवतात. एकाच घराण्याची नोंद नाशिक आणि त्र्यंबक दोन्हीकडे सापडली तर नावात फरक निघेल, आणि त्या फरकामुळेच मूळ नाव कोणतं हे ठरवता येईल.

वादात फिरणाऱ्या काही गोष्टी मात्र टाकूनच द्या. "चर्चच्या जुन्या लेखकांच्या अवतरणांतून अकरा वचनं सोडून सगळा नवा करार पुन्हा लिहिता येतो" हे श्रद्धाळू बाजूचं आवडतं विधान एकोणिसाव्या शतकातल्या एका आठवणीवर उभं आहे, मोजणीवर नाही. "३२५ साली निकियाच्या परिषदेत मतदानाने पुस्तकं निवडली" हे आक्षेपकांचं आवडतं विधानही तसंच. निकियात ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल एरियस या धर्मगुरूने मांडलेला प्रश्न आणि पुनरुत्थानाच्या सणाची तारीख हे मुद्दे होते. नव्या कराराची नेमकी सत्तावीस पुस्तकं सांगणारी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते.

जुनेपणाचे दावेही जपून. सर्वांत जुना म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायाचा तुकडा मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात आहे. आकार ८.९ गुणिले ६ सेंटिमीटर, म्हणजे खेळण्याच्या पत्त्याएवढा. १२५ साल असं छातीठोक सांगू नका. अक्षरवळणावरून काढलेला काळ पन्नास-साठ वर्षं इकडेतिकडे होतो आणि काही अभ्यासक तो दुसऱ्या शतकाच्या अखेरपर्यंत, तिसऱ्याच्या आरंभापर्यंतही नेतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका जाहीर वादात मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडल्याचं जाहीर झालं. २०१८ मध्ये तो छापून आला तेव्हा काळ निघाला दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ. न छापलेल्या पुराव्यावर वाद उभा केला की सहा वर्षांनी तो असा कोसळतो.

एक वचन, एक आडवी रेघ

पहिल्या बैठकीला १ तीमथ्य ३:१६ घ्या. याहून चांगलं वचन शिकायला मिळणार नाही. प्रश्न असा: "देव देहात प्रकट झाला" की "जो देहात प्रकट झाला"?

जुन्या ग्रीक पोथ्या सगळ्या मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता लिहिलेल्या असतात. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त असे पवित्र शब्द पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून, वर आडवी रेघ ओढून संक्षेपात लिहायची पद्धत होती. 'थेऑस' म्हणजे देव. त्याचा संक्षेप थीटा आणि सिग्मा. 'जो' या अर्थाचा शब्द म्हणजे ओमिक्रॉन आणि सिग्मा. ओमिक्रॉन हे नुसतं वर्तुळ. थीटा म्हणजे तेच वर्तुळ, पोटात एक आडवी रेघ. म्हणजे दोन पाठांत फरक काय, तर वर्तुळातली बारीक रेघ आणि शब्दावरची रेघ. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गफलत आपण रोज करतो, आणि अनुस्वाराचा टिंब उडाला की 'अंत' चा 'अत' होतो.

आता तोलायचं. कागदाच्या एका बाजूला पहिल्या पाठाचे साक्षीदार, म्हणजे तो पाठ देणाऱ्या प्रती, लिहा, दुसरीकडे दुसऱ्याचे. सिनाय पोथीत मूळ हाताने 'जो' लिहिलंय आणि ओळीच्या वर फार नंतरच्या हाताने केलेली बारीक दुरुस्ती दिसते. छापलेल्या पानावर ती बोटाने दाखवता येते. अलेक्झांड्रिया पोथीत मूळ हाताचा पाठ 'जो'. लॅटिन भाषांतरांत 'जे', म्हणजे तेही सर्वनामाच्या बाजूने. आठव्या-नवव्या शतकाआधीच्या एकाही मोठ्या अक्षरी पोथीत मूळ हाताने 'देव' नाही. उलट, संख्या मोजली तर 'देव' भरघोस मतांनी जिंकतो, कारण मध्ययुगातल्या शेकडो प्रतींत तोच आहे. इथेच तो जुना नियम कामाला येतो: हस्तलिखितं मोजायची नसतात, तोलायची असतात. एका चुकलेल्या प्रतीवरून हजार प्रती उतरवल्या तर साक्षीदार एकच राहतो.

मग आतला पुरावा. कोणत्या पाठावरून दुसरा कसा झाला हे सांगता येतं? 'जो' वाचून अडखळलेल्या लेखनिकाने रेघ पाहिल्यासारखी वाटून 'देव' केला, हे सहज समजतं. स्पष्ट 'देव' शब्द असताना कुणी मुद्दाम धूसर 'जो' करेल, हे समजत नाही. म्हणून अवघड पाठ बहुधा जुना. युनायटेड बायबल सोसायटीजच्या संपादक समितीने इथे ए श्रेणी दिली आहे.

निकाल लागला की दोघांनाही काही सोडावं लागतं. श्रद्धाळूने हे वचन येशूच्या देवत्वाच्या पुराव्यातून काढावं. आक्षेपकाने मान्य करावं की येशूला देव म्हणणारी योहान १:१ आणि २०:२८ ही वचनं तिथेच आहेत, या एका रेघेमुळे सिद्धांत ना उभा राहिला ना पडला.

जुनं म्हणजे बरोबर, हाही आंधळा नियम करू नका. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन पोथीत इब्री लोकांस पत्र १:३ जवळ समासात एका नंतरच्या लेखनिकाची ओळ आहे. कुणीतरी केलेली दुरुस्ती पाहून तो संतापला, त्याने जुना शब्द पुन्हा लिहिला आणि शेजारी नोंदवलं: मूर्खा, दुष्टा, जुना पाठ राहू दे, बदलू नकोस. त्याची तळमळ खरी. पण इतर साक्षीदार पाहता ती 'दुरुस्ती'च बरोबर होती आणि तो जुना शब्द चुकीचा. हे पान बैठकीत जरूर दाखवा. पाठ जपण्याची आच आणि पाठ बिघडण्याची शक्यता, दोन्ही एकाच समासात आहेत.

दुसऱ्या बैठकीला १ योहान ५:७ घ्या. स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, हे वाक्य इरॅस्मस या डच पंडिताने छापलेल्या १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत नव्हतं, १५२२ च्या तिसरीत आलं. ग्रीक पोथ्यांत ते मोजक्या आणि उशिराच्या ठिकाणीच आहे. ते लॅटिनमधून आलं. इथे वाद फारसा उरत नाही. फक्त "एक जरी ग्रीक प्रत दाखवली तर घालतो असं इरॅस्मसने वचन दिलं होतं" ही रंगतदार कथा सांगू नका. १९८० साली एका डच अभ्यासकाने कागदपत्रं तपासून तिला आधार नसल्याचं दाखवलं आहे.

मधले क्रमांक कुठे गेले

"मत्तय १७ मध्ये २० नंतर एकदम २२ कसं? २१ कुणी लपवलं?" हा प्रश्न मोबाइलवरच्या नव्या भाषांतरांमुळे हमखास येतो. उत्तर सोपं आहे. वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये त्या काळच्या छापील मजकुरावर घातले. पुढे जुनी हस्तलिखितं सापडली आणि काही वाक्यं मागाहून आलेली ठरली. वाक्य तळटीपेत गेलं, क्रमांक रिकामा राहिला. क्रमांक पुढे सरकवले असते तर जगभरचे सगळे संदर्भ कोलमडले असते. प्रेषितांची कृत्ये ८:३७ चं तेच. आपल्या प्रतीत ते वचन मजकुरात आहे, कंसात आहे की तळाशी, हे तिन्ही भाषांतरांत उघडून दाखवा. लपवायचंच असतं तर तळटीप कशाला छापली असती?

जुन्या कराराचा मामला वेगळा

इथे साक्षीदार कमी आणि अंतर जास्त. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या, पण आज हाती असलेली संपूर्ण हिब्रू बायबलची सर्वांत जुनी प्रत १००८ सालचीच आहे. यशयाची मोठी गुंडाळी सव्वासात मीटरहून लांब आणि तिच्याहून हजारेक वर्षं जुनी. दोन्ही ताडल्या तर पुस्तक तेच आहे हे स्पष्ट दिसतं. पण लेखनभेद हजारांत मोजावे लागतात, आणि काही अर्थाला हात घालतात. यशया ५३:११ मध्ये गुंडाळीत 'प्रकाश' हा शब्द आहे, मध्ययुगीन हिब्रूत नाही. "यशया तंतोतंत जुळला" म्हणून सगळ्या जुन्या कराराला शिक्का मारू नका. यिर्मयाच्या पुस्तकाचं एक आखूड रूपही कुमरानला मिळालं, आणि ते ग्रीक भाषांतराशी जुळतं. ग्रीकमध्ये ते पुस्तक सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि प्रकरणांचा क्रमही निराळा आहे.

शिकवायला दाविदाशी लढलेला धिप्पाड योद्धा गल्याथ उत्तम. १ शमुवेल १७:४ मध्ये आपल्या मराठीत त्याची उंची सहा हात एक वीत. हात अठरा इंचांचा आणि वीत नऊची धरली तर नऊ फूट नऊ इंच. कुमरानच्या शमुवेलात आणि जुन्या ग्रीक भाषांतरात चार हात एक वीत, म्हणजे सहा फूट नऊ इंच. भिंतीवर दोन्ही उंचीच्या खुणा खडूने करा. कोणता पाठ जुना हे पोरासोरांनाही ठरवावंसं वाटतं, आणि गोष्ट सांगता सांगता माणूस उंच होतो की ठेंगणा, या प्रश्नापाशी ती आपोआप येतात.

भाषांतरावर वाद

"भाषांतराचं भाषांतर" हा आक्षेप आधी तपासून घ्या. तुमच्या हातातल्या प्रतीची प्रस्तावना वाचा, ती कोणत्या मूळ मजकुरावरून केली ते तिथे असतं. सेरामपूरहून १८११ साली मोडी लिपीत छापला गेलेला मराठी नवा करार आणि आजची आवृत्ती यांच्यात साखळी नाही. प्रत्येक वेळी भाषांतरकार पुन्हा ग्रीक-हिब्रूकडे गेला की नाही, हाच प्रश्न विचारायचा.

मग शब्दांवर या. यशया ७:१४ मध्ये हिब्रू शब्द 'आल्मा', अर्थ तरुण मुलगी, लग्नाच्या वयाची. जुन्या ग्रीक भाषांतराने तिथे 'पार्थेनॉस' म्हणजे कुमारिका घातलं आणि येशूच्या जन्माबद्दल सांगताना मत्तय १:२३ ने ग्रीकचा आधार घेतला. आक्षेपक म्हणतो, चुकीचं भाषांतर. बचाव करणारा म्हणतो, ख्रिस्तापूर्वी यहुद्यांनीच केलेलं भाषांतर. दोघांकडेही वस्तुस्थितीचा तुकडा आहे. मुद्दा पाठभेदाचा नाही, कारण हिब्रू अक्षरांबद्दल वाद नाही. तो अर्थाचा आहे. हा फरक फळ्यावर लिहून ठेवा.

मराठीचे स्वतःचे पेचही आहेत आणि ते इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाहीत. योहान ३:८ मध्ये वारा आणि आत्मा यांना ग्रीकमध्ये शब्द एकच, 'न्यूमा'. मराठीत दोन लिहावे लागतात आणि श्लेष हरवतो. शिवाय 'आत्मा' म्हटलं की आपल्या कानात गीता येते. 'तारण' घ्या: चर्चमध्ये त्याचा अर्थ मुक्ती, आणि बाहेर बँकेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज'. ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्याला कोणता अर्थ आधी सुचेल? शब्द चूक आहे असं नाही, पण वाद सुरू होण्याआधी तो फोडून सांगायला हवा.

नकलेचा प्रयोग

बोलण्यापेक्षा यातून जास्त कळतं. तेरा माणसं आणि तासभर वेळ हवा. दीडशे शब्दांचा मराठी उतारा तयार करा, त्यात दोन ओळी मुद्दाम एकाच शब्दांनी संपतील असं पाहा. उदाहरणार्थ "राजा म्हणाला, उद्या या" आणि दोन ओळी खाली "प्रधान म्हणाला, उद्या या". तिघांनी मूळ पानावरून हाताने नक्कल करायची, दहा मिनिटांत. मूळ पान पाकिटात बंद. त्या तीन नकला तीन-तीन जणांना द्या, नऊ नकला होतील. मग पहिल्या तिनांपैकी दोन फाडून टाका. उरलेल्या दहा कागदांवरून तेराव्या माणसाने मूळ उभं करायचं.

नजर एका "उद्या या" वरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधला मजकूर गळतो, हे कुणाच्या तरी हातून होतंच. कुणी शुद्धलेखन सुधारतो, कुणी वाक्य 'बरं' करतो. शेवटी पाकीट उघडून ताडा. बहुतेक मजकूर परत मिळतो, एखाद-दोन जागी अडतं. आता प्रयोगाची दुसरी बाजूही सांगा: पहिल्या तिघांनी एकच चूक केली असती तर ती कधीच कळली नसती. नव्या कराराच्या पहिल्या काही दशकांतलं एकही पान आपल्याकडे नाही, आणि प्रामाणिक वाद त्या मोकळ्या जागेबद्दलच असू शकतो. ती जागा आहे म्हणजे तिथे फेरफार झालाच, हे सिद्ध होत नाही. झालाच नाही, हेही नाही.

बैठकीचे नव्वद मिनिटं

पूर्वपक्षाला दहा मिनिटं, तो आक्षेपकाला मान्य होईपर्यंत पाच. दोन्ही बाजूंना बारा-बारा, मग वीस मिनिटं फक्त छापील पानावर बोट ठेवून प्रश्न. उरलेला वेळ श्रोत्यांचा. एक माणूस केवळ 'कोणता प्रश्न?' हे पाहायला बसवा. पाठाच्या चर्चेत कुणी सत्यतेवर उडी मारली की त्याने हात वर करायचा. प्रत्येक निष्कर्षाला चारांपैकी एक शब्द लावा: निश्चित, बहुधा, साशंक, ठरत नाही. "मला वाटतं" ला जागा नाही.

कुराणाचा किंवा गीतेचा विषय मध्येच आणला जातो. तिथे मोजपट्टी एकच ठेवा: दुसऱ्याच्या ग्रंथाला लावाल ती कसोटी स्वतःच्याही ग्रंथाला लावा, आणि शक्यतो त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठरवा. आपल्याकडे एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून ती शुद्ध केली आणि पुढे त्यात स्वतःच्या ओव्या घालू नका अशी ताकीद दिली. ज्याला एकनाथांचं हे काम पूज्य वाटतं, त्याला म्युन्स्टरमधल्या माणसांचं कामही समजू शकतं.

न सुटलेले प्रश्न वहीत वचनासकट उतरवा आणि कोण काय शोधून आणणार त्याचं नाव पुढे लिहा. मार्क १६ मात्र तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत हातात घेऊ नका. तिथे आठव्या वचनाला थांबणारा शेवट आहे, छोटा शेवट आहे, लांब शेवट आहे, आणि दोन्ही जोडलेलाही आहे. त्याला मोठं टेबल आणि आख्खी दुपार लागते.